फक्कीनं आखलेली हॉलंडची खोली

नागाप्पा मोल्डर हॉलंडला जाऊन आला, हे आमच्या उचगावात शेंबडं पोरगंबी सांगंल. तिथला बर्फ, तिथल्या गाई, सायकलीवरनं कामाला जाणाऱ्या बायका, सगळं रंगवून सांगत्यात, आणि त्यातलं निम्मं झूट हाय. सांगणारं कोण गेलतं तितं? नागाप्पा तर काय सांगायचा न्हाय, तो बोलायचाच न्हाय. पण त्याला तिथली खोली मिळाली कशी आणि तो संगट कुणाला घेऊन गेला, हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय. मी मीरासाब, शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्न मेकर, म्हणजे साच्यासाठी लाकडाचे नमुने करणारा हुतो, आणि त्या सगळ्या तमाशात दुभाषा म्हणून मलाच मधी उभं केलतं. तवा मी सांगतो ते खरं. बाकीच्यांचं ऐकायचं असंल तर खुशाल त्यांच्याकडं जावा, मी काय अडवत न्हाय.

आधी नागाप्पा कसा माणूस ते ऐका. असा सालस, असा गप्प, की बघून राग यावा. हाटेलात चा सांगितला आणि वेटरनं मिसळ आणून ठेवली, तर हा मिसळ खाऊन उठणार. एकदा आजऱ्याला मावशीकडं निघालता, वाटंत एस.टी. बंद पडली. तितं एक लग्नाचं वऱ्हाड ट्रकात चढत हुतं, त्यांनी "चला पावणं, उशीर झाला" म्हणून ह्यालाबी हाताला धरून वर घेतला. हा गेला! तितं जेवला, पंक्तीत वाढलं, नवरदेवाला आहेर केला आणि दुसऱ्या दिवशी घरी आला. मी म्हणलं, "अरं मर्दा, सांगायचं न्हाय का, मी तुमच्यातला न्हवं म्हणून?" तर म्हणतो, "त्येंनी एवढ्या मायेनं वडलं, भाई. न्हाय कसं म्हणायचं?" आता असल्या माणसाचं करायचं काय, तुमीच सांगा.

अठ्ठ्याहत्तर साली कंपनीनं हॉलंडहून साचे पाडायचं नवं मशीन मागवलं. ते बसवायला हेंक नावाचा सायेब वर्सभरासाठी हितं आला, आणि ते चालवायला शिकावं म्हणून वर्सभरासाठी नागाप्पानं सायबाच्या गावाला, आइंडहोव्हनला जायचं ठरलं. तितं एकट्या गड्यांसाठी कंपनीचं वसतिगृह हुतं. पण बायकोला न्यायचं तर नावावर भाड्याची खोली पायजे, त्याबिगर तिला परवाना न्हाय. आणि खोल्या तर तिथल्याच लोकांना मिळंनात. पण हेंकसायबाची स्वतःची खोली वर्सभर रिकामी पडणार हुती. सायेब म्हणला, माणसं बघतो, पटली तर त्यांना देतो. भाडं कंपनी भरणार. म्हणजे ताट वाढून पाट मांडल्याला. नागाप्पानं फक्त तोंड उघडून "मला पायजे" म्हणायचं, आणि तितंच घोडं पेंड खात हुतं.

त्याला ती खोली का पायजे हुती हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक, आणि बोलणार कुणी न्हाय. त्याचं घर दोन खोल्यांचं. मागची खोली थोरल्या भावाची, वीरभद्राची, त्याच्या बायकापोरांसकट. पुढच्या खोलीत नागाप्पाची आई रुद्राणीअव्वा, एक विधवा आत्ती, आणि दोघींच्या मधी नागाप्पाची बायको रत्नव्वा. नागाप्पा भाईर कट्ट्यावर. लग्नाला सा वर्सं झालती आणि सा वर्सं हेच चाललंतं. वर अव्वा साऱ्या गावाला सांगत फिरायची, "धाकटीचा पाळणा काय हलंना बाई. कुठला देव आडवा आलाय कुणास ठाऊक." अगं, देव कशाला येतोय आडवा! तूच झोपतीयास की मधी आडवी! मी एकदा तोंडावर बोलणार हुतो, पण माझ्या बायकोनं, खैरुननं असा चिमटा काढला की शब्द गिळला.

एक दिवस फाउंड्रीत वाळूचे साचे भरता भरता नागाप्पा आपणहून बोलला. म्हणला, "भाई, एका खोलीत दोनच माणसं गप्प बसली, तर कसं वाटत असंल?" एवढंच. पुन्हा वाळू चाळायला लागला. मी ठरवलं, ही खोली ह्याला मिळालीच पायजे.

रविवारी हेंकसायेब भाडेकरू बघायला उचगावात यायचा ठरला. आमच्याकडं परका माणूस कुणाला "बघायला" येतो तो एकाच कामाला. अव्वानं घर सारवून घेतलं, सतरंजी घातली, कांदेपोहे केले, आणि नागाप्पाला नवा सदरा घालून पाटावर बसवलं. तोबी मान खाली घालून बसला, अंगठ्यानं जमीन उकरत. हेंकसायेब ताडमाड. दारातनं आत येताना त्याचं डोकं चौकटीवर असं आपटलं की घर हाललं. आत्ती म्हणली, "शकुन चांगला झाला."

सायबानं पोहे खाल्ले, डोळ्यातनं पाणी काढलं, आणि विचारायला लागला. माझं इंग्रजी मुंबईच्या गोदीत खलाशांबरोबर चार वर्सं काढून आल्यालं. त्यातल्या शिव्या गाळल्या की थोडंच उरायचं, पण भागायचं. सायेब म्हणला, घरात आवाज करता का? वरखालची माणसं तक्रार करत्यात. मी सांगितलं. अव्वा म्हणली, "आवाज? सायेब, ह्येचा आवाज मी आई असून चारदा ऐकला असंल नसंल." सायेब खूश. सैपाक येतो का? अव्वा म्हणली, "त्येला वाळू येती." भिंतीला खिळे मारता का? "आमच्या भिंतीत खिळा ठरतोय कुठं, मातीची हाय." सायेब वहीत टिपून घेत हुता आणि मुंडी हलवत हुता. मला वाटलं, जमलं.

मग अव्वा सरसावून बसली. म्हणली, "मीरा, आता आपलं विचार. त्यांची जमीन किती?" सायबाला जमीन न्हवती. "न्हाय? मग घर तरी स्वतःचं हाय का? भाऊबंद किती? वाटणी झाल्या का?" हेंकसायेब घाम पुसत सांगाय लागला, की भाऊ एक हाय आणि तो दुसऱ्या गावात असतो. "भांडान झालं असंल," आत्ती म्हणली. शेवटी अव्वानं मुद्द्याला हात घातला, "खोली दावा. आमी बघितल्याबिगर घेत न्हाय."

आता खोली सात समुद्रापलीकडं, ती दावायची कशी? सायबानं कागदावर चौकोन काढला. अव्वानं तो उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणली, "ह्येच्यात माणूस झोपतंय व्हय?" आणि त्यात माझी जीभ घसरली. मी म्हणलं, असल्या एकट्या खोलीला तिकडं स्टुडिओ म्हणत्यात. कोल्हापुरात स्टुडिओ म्हणल्यावर काय हुणार! दारातनं वाकून बघणारी शेजारची बाळाबाई लगेच, "अगं बया, मग रत्नव्वाला काय सिनेमात घेणार?" तिला गप्प करता करता माझ्या नाकीनऊ आले. मग माझं डोकं चाललं. आमच्या धंद्यात लाकूड कापायच्या आधी वस्तूचा नकाशा जमिनीवर आहे तेवढाच आखून घेत्यात. मी म्हणलं, "अव्वा, चला तालमीच्या पटांगणात. हॉलंडची खोली आहे तेवढी आखून दावतो."

तालमीतनं कबड्डीच्या पट्ट्यांची पांढरी फक्की आणली. सायेब सांगंल तसा मी आखत गेलो. ही भिंत, ही खिडकी, हा पलंग, हा कोपरा सैपाकाचा, ही न्हाणी, हा संडास, आणि हे दार. तवर निम्मं गाव जमलंतं. खोली तयार झाली, आणि सायबानं टेप लावला तर ती दोन बोटं लांब भरली. माझीच चूक. वतल्यालं लोखंड गार हुताना आकसतं, म्हणून आमची पट्टी मुद्दाम जरा मोठी असती, आणि मी सवयीनं तीच पट्टी आणल्याली. सायबाला सांगितलं तर तो म्हणला, माझं घर आकसत न्हाय. अव्वानं मात्र ते ऐकून ठेवलं. म्हणली, "मग ती उरल्याली दोन बोटं आमची. पुसायची न्हाईत."

मग लोक घर बघायला आत शिरले. दारातनं कोण शिरतंय! जो तो भिंतीतनं. हेंकसायबाचा जीव खालीवर. स्वतःचं घर ते, वर्सानुवर्सं राहिल्याला माणूस. "वॉल! वॉल!" म्हणून ओरडाय लागला. बाळाबाई त्याच्या पलंगावरनं चपला घालून चालत गेली, तवा तर त्यानं डोळेच मिटून घेतले. कुणी म्हणलं, संडास घरात? आणि चुलीपासनं चार पावलांवर? "सायेब, तुमच्या घरात कुणी बाईमाणूस न्हाय व्हय सांगायला?" वीरभद्र कमरेवर हात ठेवून फिरला आणि म्हणला, "म्हस कुठं बांधायची?" सायेब म्हणला, खोली तिसऱ्या मजल्यावर हाय. वीरभद्र विचारात पडला. म्हणला, "तिसऱ्या मजल्यावर म्हस चढंल, पण उतरायची न्हाय." आणि गंमत म्हणजे हेंकसायबालाबी ते पटलं.

तवर अव्वानं घरातनं वाकळा आणवल्या. सगळ्यांच्या झोपायच्या जागा ठरवाय लागली. वीरभद्राची पोरं खिडकीखाली, थोरली सून न्हाणीच्या दाराशी, आत्ती चुलीपाशी ऊब मिळंल म्हणून, आणि आपण स्वतः पलंगाच्या आणि भिंतीच्या मधी. पडूनबी बघितलं. पाय भिंतीच्या भाईर गेले, तर म्हणली, "त्या दोन बोटांत ठेवते." सायेब माझ्याकडं बघाय लागला. म्हणला, ही सगळी कोण? मी म्हणलं, भाडेकरू. तर तो तांबडालाल झाला. दोन माणसं! त्या इमारतीचा नियमच हाय, एका खोलीत दोन माणसं, तिसरं चालत न्हाय. त्यानं दोन बोटं वर धरून सगळ्यांना दावली.

अव्वा उठून बसली. तिनं जरा विचार केला. मग एकदम समजूतदार आवाजात म्हणली, "दोघंच व्हय? मग तसं सांगायचं की आधी. लिवा. मी आणि नागाप्पा."

आणि लोकांनी माना डोलावल्या! अल्ला कसम सांगतो, एक माणूस म्हणला न्हाय की अव्वा, हे काय? उलट बाळाबाई म्हणली, बरोबर हाय, परमुलखात पोराला जेवाय कोण घालणार? आणि सून गेली तर हितलं कोण बघणार? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नागाप्पाकडं बघितलं. वाटलं, आता तरी बोलंल, आता तरी तोंड उघडंल. तो आपला पायाच्या अंगठ्याकडं बघत उभा. लग्नाच्या ट्रकात चढला तसाच हा आता आईला घेऊन इमानात चढणार, आणि रत्नव्वा आणखी वर्सभर आत्तीशेजारी. हेंकसायबानं पेन काढलं आणि मला विचारलं, नावं सांग. अव्वा म्हणली ते सांगावं, तर त्या पोरीचं वाटोळं. न्हाय सांगावं, तर दुभाषा कसला मी? जन्मात पहिल्यांदा मी गप्प बसलो.

रत्नव्वा तवर कडंला लिंबाखाली लोकांना पाणी देत उभी हुती. पदर कपाळाच्या खाली, सा वर्सांत मोठ्या माणसांपुढं तिचा आवाज आमी कुणी ऐकल्याला न्हाय. तिनं तांब्या खाली ठेवला. साऱ्या खोलीला वळसा घालून दाराशी आली. तितं पाय पुसले, खरोखर पुसले, आणि दारातनं आत गेली. त्या दिवशी त्या घरात दारातनं शिरल्याली ती पहिली.

आत उभी राहून मला म्हणली, "दादा, सायबास्नी इचारा की, दार आत उघडतं का भाईर?"

मी विचारलं. सायेब म्हणला, आत. तशी ती बाजूला सरली, दार उघडून धरल्यागत हात केला, आणि म्हणली, "अव्वा, उठा. सगळ्यांनी भाईर चला. दारातनं."

काय झालं कुणाला कळलं न्हाय. ती वरडली न्हाय, रडली न्हाय. पण आत्ती उठली. वीरभद्राची पोरं उठली. वीरभद्र भिंतीतनं जायला निघाला, तर तिनं नुसतं बघितलं, आणि एवढा थोरला दीर, मागं फिरून रांगंत उभा राहिला. एकेक जण दारातनं भाईर पडला. बाळाबाईनं तर वाकून चौकट चुकवली. शेवटाला अव्वा आली, वाकळ काखंत मारून. ती भाईर पडली आणि रत्नव्वानं दार लावलं. लावलं म्हणजे काय, हवेतनं हात फिरवला. पण लागलं, हे साऱ्यांना कळलं. मग ती पलंगावर, म्हणजे फक्कीच्या चौकोनात, आमच्याकडं पाठ करून बसली.

अव्वा दाराभाईर उभी. म्हणली, "रत्ना, उघड."

रत्नव्वानं पदर नीट केला, उठली न्हाय.

"नागाप्पा, काढ तिला भाईर! साऱ्या गावापुढं तमाशा मांडलाय!"

नागाप्पा हलला. मला वाटलं, झालं. आईनं सांगितलं, आता हा तिच्या हाताला धरून वडणार. तो चालत दाराशी आला, चपला काढल्या, आणि बोटं वाकवून हवेत टकटक केली. आवाज कुठला यायला! तर हेंकसायबानं मागनं आपल्या टेपच्या डबीवर दोनदा टकटक वाजवलं. नागाप्पा म्हणला, "अगं, उघड. मी हाय."

रत्नव्वा उठली. दार उघडलं. तो आत गेला, आणि तिनं पुन्हा लावून घेतलं. दोघं आत उभी, पांढऱ्या चौकोनात, आणि आमी सगळी भाईर. नागाप्पा आमच्याकडं वळला. म्हणला, "अव्वा, दोघं म्हणजे आमी दोघं. मी आणि ही. मला पायजे ती खोली." आणि मोठा माणूस हमसून रडाय लागला.

माझ्याबी डोळ्याला धार लागली, लपवायचं काय त्यात? पण अव्वा? अव्वाचा चेहरा दगडासारखा. तिनं पाय उचलला. समोर नुसती फक्की. म्हातारीनं एक पाऊल टाकलं असतं तर भिंतबी गेली असती आणि हॉलंडबी. तो पाय तसाच अधांतरी राहिला, आणि मग तिनं तो मागं घेतला.

मला म्हणली, "मीरा. सायबाला इचार. त्या दाराला आतनं कडी हाय का?"

मी विचारलं. सायेब म्हणला, दोन हाईत. एक वर, एक खाली.

"दोन," अव्वा म्हणली. ती दोघांकडं बघत राहिली. "माझ्या दाराला एकबी न्हवती. हे पोरगं पोटाला आलं तवाबी सासू उशाला हुती. तोंडात पदर कोंबून दिवस काढले मी." हे ती कुणाला सांगत न्हवती. नाक पुसलं, आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणली, "लिव म्हणावं. नागाप्पा आणि रत्नव्वा. दोघंच."

हेंकसायबानं गुडघ्यावर वही ठेवून दोन नावं लिवली. लोक मात्र हलंनात. कट्ट्यावर, झाडाखाली, तालमीच्या पायरीवर, जो तो त्या चौकोनात डोळे घालून उभा. नागाप्पा डोळे पुसत पलंगाच्या कडंला टेकला. रत्नव्वा त्याच्या शेजारी बसली. सा वर्सांत ती दोघं शेजारी बसल्याली मी पहिल्यांदाच बघत हुतो.

तशी अव्वा गर्रकन फिरली आणि साऱ्या गावावर कडाडली, "काय बघतायसा? लाज हाय का? तोंडं फिरवा की तिकडं! भिंत हाय न्हवं हितं!"

वीरभद्र फिरला. आत्ती फिरली. बाळाबाई कुरकुरत फिरली. हेंकसायेब, ज्याचं घर ते, तोबी फिरला. मीबी फिरलो. अख्खं उचगाव त्या मोकळ्या पटांगणाकडं पाठ करून उभं राहिलं, आणि आमच्या पाठीमागं, भिंतीला पाठ टेकल्यागत, अव्वा वाकळ घेऊन राखणीला बसली. मागं काय चाललंय ते कुणाला दिसत न्हवतं. मग तिकडनं रत्नव्वा हळूच हसल्याली ऐकू आली, आणि अव्वा आमच्या पाठीमागनं म्हणली, "मागं बघितलं तर याद राखा."